पेटी नंतर घे, आधी सूनबाईला गाडीवर बसव

‘काका, नमस्कार. मी नागपूरला मानेवाड्यात राहतो. दीडशे सीसीची गाडी आहे, तीन वर्षं झाली, बिनतक्रार चालते. दसऱ्यानंतर मी आणि मिसेस गाडीनेच पचमढीला जायचा विचार करून राहिलो, चार दिवस. सामान कसं न्यायचं ह्यावरून घरात आणि मित्रांत वाद सुरू आहे. एक मित्र म्हणतो, मागे टॉपबॉक्स लावून टाक. दुसरा म्हणतो, सीटच्या दोन्ही बाजूंना लटकणारी सॅडल बॅग घे, पण साडीगार्ड काढावं लागेल. बाबा म्हणतात, पाठीवर सॅक घ्या, आम्ही तसेच फिरलो. मी 45 लिटरची एक पेटी, म्हणजे टॉपबॉक्सच, पाहून ठेवली आहे. बजेट पाच हजार. माझं वजन 74, मिसेसचं 56 (मी लिहिलं हे तिला सांगू नका). काय घेऊ? हे जमलं तर पुढे समृद्धीने शिर्डीही करायची आहे.’

काका म्हटलंस, म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नको. औषध कंपनीचा एमआर म्हणून एकवीस वर्षं मी गाडीवर विदर्भ पालथा घातला. सॅम्पलची बॅग, लिटरेचरचे गठ्ठे, रेनकोट, डबा, आणि परतताना कोणी ना कोणी दिलेली तुरीची डाळ. त्या काळात टॉपबॉक्स वगैरे नव्हते. होती ती हुकाची दोरी आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी. त्यामुळे सामान कसं बांधावं ह्यापेक्षा कसं बांधू नये हे मला जास्त कळतं.

तू विचारलंस काय घेऊ. मी विचारतो, 74 आणि 56 ची बेरीज केलीस का? 130. आता गाडीचं मॅन्युअल काढ. शेवटच्या पानांवर दोन आकडे असतात. एक गाडीचं स्वतःचं वजन, पेट्रोल-ऑइल धरून. दुसरं माणसं आणि सामान धरून चालणारं जास्तीत जास्त वजन. दुसऱ्यातून पहिलं वजा कर. जे उरेल तेवढंच तुझ्या हातात आहे. दीडशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांचा हा उरलेला आकडा 130 ते 150 किलोच्या घरात येतो.

समज तुझा 150 निघाला. 20 किलो शिल्लक, असं वाटेल. पण घरच्या वजनकाट्यावरचे 130 हे बनियनवरचे. दोन हेल्मेटं, दोन जाकिटं, बूट ह्यांचे चार-पाच किलो धर. राहिले 15. आता तुझी 45 लिटरची पेटी. रिकामी पेटी, तिची खालची प्लेट आणि गाडीला लागणारं लोखंडी कॅरिअर मिळून सहा-सात किलो सहज होतात. राहिले आठ. म्हणजे एक चड्डीसुद्धा आत जायच्या आधी तू निम्मा हिशेब पेटीवरच घालवलास. आणि 45 लिटरची पेटी आठ किलोवर थांबते होय? जागा दिसली की माणूस भरतो. इस्त्री घेऊन गेलेले लोक मी पाहिलेत.

आकडा 130 च निघाला, तर तुम्ही दोघं बसलात की गाडी भरली. मग मी तुला सामान कसं बांधायचं ते सांगणार नाही, बसचं तिकीट काढ असं सांगीन. राग येईल, पण नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण तीनशे मीटरवर आणि पचमढी हजाराच्या वर. सिलेवानीचा घाट आहे, तामियाची चढण आहे, मटकुलीनंतर पुन्हा चढ. जाताना इंजिन रडेल ते एक वेळ चालेल. येताना उतारावर ब्रेक रडले तर कोणाला सांगशील?

हे झालं किती न्यायचं ह्याचं. कुठे ठेवायचं, हा खरा विषय, आणि इथेच तुझा टॉपबॉक्सवाला मित्र चुकतोय.

तुझे आजोबा-पणजोबा शेतीवाले असतील तर त्यांना ‘उलाळ’ हा शब्द माहीत असणार. बैलगाडीत कडबा मागच्या बाजूला जास्त झाला की जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेवरून सुटायला पाहतं. मोटरसायकलचंही तेच. टॉपबॉक्स मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे लटकतो, वर उंचावर. त्यात घातलेला प्रत्येक किलो पुढचं चाक हलकं करतो. पुढचं चाक हलकं झालं की हँडल हातात सैल लागतं, ऐंशीच्या पुढे थरथरायला लागतं, आणि बाजूने ट्रक गेला की त्याच्या वाऱ्याने गाडी डुलते. तुझ्याकडे तर मागे सूनबाई बसणार, म्हणजे पेटी तिच्याही मागे सरकणार. पेटीवर किंवा तिच्या प्लेटवर वजनाची मर्यादा छापलेली असते, बऱ्याचदा तीन ते दहा किलोच्या दरम्यान. विकत घेणाऱ्यांतले किती जण ती वाचतात, देव जाणे.

पेटी वाईट आहे असं नाही. सीताबर्डीला गाडी लावली, दोन हेल्मेटं आत टाकली, कुलूप लावलं आणि मोकळ्या हाताने बाजार केला, ह्या कामाला तिच्यासारखं दुसरं काही नाही. रोज एकटा ऑफिसला जाणाऱ्याने जरूर घ्यावी. फक्त उन्हाळ्यात तिच्यात काय ठेवतोस ते बघ. नवतपात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो. काळी बंद पेटी उन्हात उभी राहिली की तिची भट्टी होते. पॉवर बँक, लायटर, डिओचा डबा, इन्सुलिन ह्यांची ती जागा नाही. एकदा माझ्या कानातल्या थेंबांच्या सॅम्पलांची अख्खी खेप गेली होती, आणि तीही साध्या कापडी बॅगेत.

आता बाबांची सॅक. बाबा फिरले, सुखरूप परत आले, चांगलं झालं. पण चार दिवसांचं सामान पाठीवर घेऊन अडीचशे किलोमीटर जाऊन बघ. छिंदवाड्यापर्यंतच खांदे बोलायला लागतात. त्याहून वाईट म्हणजे पडलास तर त्या सॅकमधली टणक वस्तू थेट मणक्याखाली येते. आणि सॅक तुझ्या पाठीवर असेल तर सूनबाई कुठे बसणार? तिच्या पाठीवर दिलीस तर ती सगळं वजन खांद्यावर पेलत मागे ओढली जाणार, म्हणजे पुन्हा उलाळ. तिला हलकी सॅक द्यायचीच असेल तर पाण्याची बाटली आणि स्वेटर एवढंच, कमरेचा पट्टा लावून, आणि लोंबणारे बंद आत खोचून.

राहिल्या सॅडल बॅगा. तुला त्याच घ्यायच्यात, पण साडीगार्ड न काढता. ते काढायला सांगणाऱ्या मित्राला सांग की 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम वाच. मागे बसणाऱ्यासाठी धरायची मूठ, पाय ठेवायची जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण असलंच पाहिजे, असं त्यात आहे. कायदा राहू दे, ओढणी-पदराचे अपघात आपण सगळ्यांनी ऐकलेत. आणि गंमत अशी की डाव्या बाजूची बॅग चाकापासून लांब धरून ठेवणारी आयती गोष्ट म्हणजे तेच साडीगार्ड. काखेत कळसा.

अडचण उजवीकडे आहे. तिथे साडीगार्ड नाही, सायलेन्सर आहे. बॅग गरम सायलेन्सरला टेकली की आधी नायलॉन वितळतं, मग आतले कपडे, आणि वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून पाच हजारांतले पहिले पैसे बॅगेवर घालू नकोस. दोन्ही बाजूंना लागणारा लोखंडी आधार, ज्याला दुकानदार साइड स्टे किंवा सॅडल स्टे म्हणतात, तो आधी घे. तुझ्या मॉडेलचा तयार मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घे, पण गाडीच्या चासीला वेल्डिंग करू देऊ नकोस. आहेत त्याच बोल्टांवर बसला पाहिजे. शंभर-दीडशे किलोमीटर चालवल्यावर सगळे नट पुन्हा आवळ. नवं लोखंड बसायला वेळ घेतं.

आता ह्या लेखाच्या नावाकडे ये. बॅगा घ्यायच्या आधी, गाडी स्टँडवरून काढून, सूनबाईला मागे बसव. दोन्ही बाजूंना पाय टाकून; एका बाजूला पाय सोडून बसायचं असेल तर डावी बॅग विसर. तिच्या टाचा कुठे येतात, पोटऱ्या कुठे येतात, गुडघा किती मागे जातो, हे बघ. जुन्या उशा भरून दोन कापडी पिशव्या लटकव आणि दहा मिनिटं तशीच बसू दे. बॅग टाचेला मागून ढकलत असेल तर अडीचशे किलोमीटरमध्ये तिचा पाय फूटरेस्टवरून सरकणार, आणि तो सरकून जाणार कुठे, तर सायलेन्सरवर. बहुतेक लोक बॅग घेतात, निघायच्या दिवशी पहाटे बांधतात, आणि मग बायको बसते. भांडण तिथूनच सुरू होतं, खापर मात्र रस्त्यावर फुटतं.

एका बाजूची बॅग वीस लिटरच्या आसपास असली तरी पुरे. बाजारात तीस-तीस लिटरच्या जोड्या मिळतात. त्या एकट्याने लेह-लडाखला जाणाऱ्यांसाठी ठीक. बॅग घेताना चेनपेक्षा वरून गुंडाळून बंद होणारं तोंड बघ, सायकलवाल्यांच्या ड्राय बॅगसारखं. चेन कितीही चांगली असली तरी पाणी पहिल्यांदा तिथूनच येतं. पावसाचं वेगळं कव्हर बॅगेसोबत देतात, त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. एक तर ते वाऱ्याने फुगून उडतं, नाहीतर त्यात पाणी साचून बॅग खालून भिजते. त्याऐवजी आतले कपडेच जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत घाल, हवा दाबून काढ, गाठ मार. ऑक्टोबरात परतीचा पाऊस तामियाच्या डोंगरात गाठू शकतो.

दोन बॅगांना जोडणारे पट्टे सीटखालून जातात. सीट उघडून ते बॅटरीच्या टर्मिनलवर किंवा वायरिंगवर दाबले जात नाहीत ना, हे बघ. दुकानदार हे कधीच दाखवत नाही.

भरताना जड ते खाली आणि पुढच्या बाजूला, म्हणजे तुझ्या पायांकडे: टूलकिट, पंक्चरचं सामान, चपला. डावी-उजवी बॅग हातात घेऊन तोलून बघ, एक किलोचाही फरक राहू देऊ नकोस. रेनकोट सगळ्यात वर. पाऊस आल्यावर रेनकोटसाठी अख्खी बॅग रस्त्यावर उपसणारा माणूस सगळे कपडे भिजवूनच पुढे जातो. कागदपत्रं, औषधं, मोबाइलचा चार्जर टाकीवरच्या छोट्या बॅगेत. ती चुंबकाची घेणार असलास तर आधी टाकीला चुंबक चिकटतं का बघ. हल्ली बऱ्याच गाड्यांच्या टाकीवर प्लास्टिकचं आवरण असतं, तिथे पट्ट्याचीच लागते. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून हॉर्नचं बटण दाबलं जात नाही ना हेही तपास. जबलपूर रोडवर एकदा मी वळणावळणाला हॉर्न वाजवत गेलो होतो, समोरचे शिव्या देत होते आणि मला कळेना काहून.

हुकाची दोरी. तिच्यावर माझं जुनं वैर आहे. हिंगणघाटच्या अलीकडे, भर दुपारी, माझी सॅम्पलची बॅग मागच्या कॅरिअरवर होती, दोन हुकाच्या दोऱ्यांनी ताणून बांधलेली. खड्ड्यात गाडी आपटली, बॅग उसळली, दोरी क्षणभर सैल झाली आणि हुक निसटला. बॅग पडली असती तर बरं झालं असतं. ती एका बाजूला लोंबली आणि तिचा बंद गाडीच्या चेनमध्ये गेला. मागचं चाक जागच्या जागी अडकलं. मागून काही येत नव्हतं म्हणून हा सल्ला लिहायला मी बसलोय. इलॅस्टिकचा दोष हाच की खड्ड्यात ज्या क्षणी धरून ठेवायला हवं त्याच क्षणी ते ताणलं जातं. शिवाय बांधताना हुक सुटून डोळ्यात गेल्याची उदाहरणं डॉक्टरांकडे बसून मी पुष्कळ ऐकली आहेत. न ताणणारे, बकलने आवळायचे नायलॉनचे पट्टे घे. इतवारीत दोर-ताडपत्रीच्या दुकानांत विचार. आवळून झाल्यावर उरलेलं टोक मोकळं सोडायचं नाही, गुंडाळून रबराने बांधायचं. इलॅस्टिकची जाळी वरून एखादं ओलं जाकीट अडकवायला चालेल, बस.

महाशिवरात्रीला चौरागडच्या महादेवाला त्रिशूळ घेऊन निघालेली आपल्याकडची पोरं तू पाहिली असशीलच. काही जण तो गाडीवर आडवा धरतात, दोन्हीकडे हात-हातभर बाहेर. समोरून येणाऱ्याच्या छातीत महादेव! तुझ्याकडे त्रिशूळ नसेल, पण सूनबाईची छत्री, तुझी फोल्डिंग खुर्ची, ट्रायपॉड असं काही लांबडं असेल तर ते गाडीच्या लांबीत बांध. आणि बॅगांची रुंदी हँडलच्या बाहेर जाऊ देऊ नकोस. गर्दीत तू हँडल ज्या फटीतून काढतोस, त्यातून मागचंही निघेल असं मन धरून चालतं. नंबर प्लेट, मागचा लाल दिवा, इंडिकेटर झाकले जात नाहीत ना, हे दहा पावलं मागे जाऊन बघ.

गाडीचीही थोडी तयारी लागेल. चेनच्या कव्हरवर किंवा जवळपास एक स्टिकर असतो, त्यावर दोघांसाठीची मागच्या चाकाची हवा वेगळी दिलेली असते. ती पहाटे, टायर थंड असताना भर. मागचे शॉकअप टूलकिटमधल्या पान्याने एक-दोन खाचा घट्ट कर, दोन्ही बाजूंना सारखे. तसं केलं नाहीस तर गाडी मागे बसते, पुढचा दिवा आभाळाकडे बघतो आणि समोरचा आंधळा होतो. चेनचा ढिलेपणा मेकॅनिककडून दोघं बसल्यावर तपासून घे. बसल्यावर चेन ताणली जाते, हे बरेच मेकॅनिकही विसरतात. साइड स्टँड मातीत रुततो, भरलेली गाडी हळूहळू कलते. खाली चपटा दगड ठेव किंवा मेन स्टँड लाव. आणि तू दोन्ही पाय टेकून ब्रेक दाबून बसल्याशिवाय सूनबाईने चढायचं नाही.

हे सगळं पहिल्यांदा पचमढीच्या वाटेवर करून बघू नकोस. आधीच्या रविवारी बॅगांत पाच-पाच किलो तांदूळ भर आणि दोघं रामटेकला जाऊन या. जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर, हायवेचा वाराही मिळतो आणि गडावर जायला चढणही. वर पोचल्यावर पट्ट्यांना हात लाव. किती सैल झाले, बॅग कोणत्या बाजूला सरकली, सूनबाईचा कोणता पाय दुखतोय, सगळं तिथे कळेल. तांदूळ वाया जात नाहीत, परत आणून शिजव.

निघताना दसऱ्यानंतर एक दिवस सोडून नीघ, दीक्षाभूमीच्या गर्दीतली परतीची वाहनं ओसरू दे. पहिला थांबा कोराडीला. घरापासून फार लांब नाही, पण पट्टे पहिल्यांदा तिथेच सैल होतात. जामसावळीला हनुमानाच्या दर्शनाला थांबशीलच, तिथे दुसऱ्यांदा हात फिरव. पचमढीत बॅगा गाडीवर ठेवून फिरायला जाऊ नकोस. तिथली माकडं चेन उघडतात, आणि उघडली नाही तर फाडतात. बिस्किटाचा पुडा बाहेरच्या कप्प्यात असेल तर विचारूच नकोस. म्हणूनही पटकन सुटणाऱ्या मऊ बॅगा घे, खांद्यावर टाकून खोलीत नेता येतात.

समृद्धीचं म्हणशील, तर तिथे दुचाकीला प्रवेशच नाही. शिर्डीला जा, पण रेल्वेने जा, आणि तेव्हा हवी तेवढी मोठी बॅग घे. इस्त्रीसुद्धा ने.